मुशीचे ऋण

बीडच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर, बालाघाटाच्या डोंगररांगेत, कपिलधार आहे. मन्मथस्वामींची समाधी तेथे आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण अशा तिन्ही बाजूंनी वीरशैव-लिंगायत यात्रेकरू तेथे जमतात. पावसाळ्यात काळ्या कड्यावरून पाण्याची धार कोसळते आणि येणाऱ्याची नजर प्रथम त्या धारेवर खिळते. ते स्वाभाविकच आहे. आम्ही मात्र वाचकांस आज धारेमागच्या कड्याकडे पाहण्याची विनंती करणार आहोत.

हा कडा म्हणजे एके काळचा वितळलेला रस आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीतून लाव्हा वारंवार उसळला, पसरला आणि थरांवर थर रचीत थिजला. थिजताना त्यातील वायू बाहेर पडण्याची धडपड करीत होता. ज्याला वाट सापडली तो निसटला, ज्याला सापडली नाही तो दगडाच्या पोटात छिद्र होऊन अडकला. आपल्या काळ्या पाषाणात अशी छिद्रे जागोजाग आढळतात, आणि पुढे त्यांपैकी अनेक गारगोटीने व झिओलाइटच्या स्फटिकांनी भरून निघाली. भूवैज्ञानिकाला त्यांत कुतूहलाचा विषय दिसतो. पण ओतशाळेत आयुष्य घालवलेल्या कारागिराच्या हाती असा एक तुकडा दिला तर तो क्षणभर पाहून म्हणेल, "वायुछिद्रे आहेत. माल नापास."

याच दगडाविषयी दुसरी गोष्ट अशी की, तो फार लवकर वितळतो. बेसॉल्टचा रस होण्यास साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअस ताप पुरतो. आजच्या कारखान्यात पोलाद ओतले जाते ते १६०० अंशांच्या आसपास. म्हणजे या दगडाचे, किंवा त्याच्या झिजेतून झालेल्या आपल्या काळ्या मातीचे, भांडे करून त्यात पोलादाचा रस धरू म्हटले, तर पोलादाआधी भांडेच वितळेल. कापसाला आणि ज्वारीला जीव लावणारी ही माती पोलादापुढे टिकत नाही.

मग पोलाद धरले कशात? माणसाने हजारो वर्षे धातू वितळवला, त्याच्या तलवारी केल्या, नांगराचे फाळ केले, रूळ केले, पूल केले. या सर्वांचे इतिहास लिहिले गेले. परंतु तो रस ज्या भांड्यात उकळला, त्या भांड्याचा इतिहास क्वचितच कोणी सांगतो. आमच्या मते पोलादाची शुद्धता ही धातूच्या इतिहासाइतकीच भांड्याच्या इतिहासातील गोष्ट आहे. ही बाजू आपल्या भूमीच्या संदर्भात मांडण्याचा येथे प्रयत्न करतो.

शब्द आणि वस्तू

मराठीला या भांड्यासाठी स्वतंत्र, जुना आणि सुंदर शब्द आहे: मूस. संस्कृतातील 'मूषा' या शब्दापासून तो आला. "अमुक गुरूंच्या मुशीतून घडलेले शिष्य" हा प्रयोग आपल्या चरित्रलेखनात इतका रुळला आहे की, तो वाचताना कोणाच्याही डोळ्यांपुढे भट्टी येत नाही. या प्रयोगात बहुधा 'मूस' आणि 'साचा' यांची सरमिसळ झालेली असते. साचा आकार देतो. मूस आकार देत नाही. ती आग अंगावर घेते, रस सांभाळते आणि तो ओतून झाला की रिकामी होते. पुष्कळदा ती फुटते आणि ढिगाऱ्यावर जाते. गौरव आकाराचा होतो, म्हणून भाषेतही मुशीला साच्याचे काम करावे लागले असावे.

आपल्या पूर्वजांना मात्र मुशीचे मोल कळत होते. 'रसरत्नसमुच्चय' हा तेराव्या शतकाच्या सुमाराचा रसशास्त्राचा ग्रंथ घ्या. त्याच्या दहाव्या अध्यायात मुशींचे प्रकार नावानिशी दिले आहेत आणि मूस कोणत्या मातीची करावी, मातीत काय मिसळावे हेही सांगितले आहे. माती, जाळलेले तूस, शण, कोळसा, घोड्याची लीद, हे सारे एकत्र करून लोखंडी दांड्याने कुटावे, अशी ती कृती आहे. वरवर पाहता ही यादी गूढ विद्येची वाटेल. तिच्यामागचा हिशोब मात्र अगदी व्यावहारिक आहे. शण मातीला बांधून ठेवतो. लीद आणि तूस जळून गेल्यावर मातीत बारीक पोकळ्या राहतात, त्यामुळे ती अकस्मात तापली तरी तडकत नाही. उरलेला कोळसा मातीला वितळलेल्या धातूपासून अलिप्त ठेवतो. आधुनिक कारखान्यात ज्यांना 'उच्चतापसह पदार्थ' म्हणतात, त्यांच्याकडून याच तीन अपेक्षा असतात: वितळू नये, तडकू नये आणि रसात मिसळू नये.

तिसरी अपेक्षा सर्वांत कठीण. ती पुरी झाली नाही तर भांडे शाबूत दिसते, रसही ओतला जातो, आणि भांड्याचा अंश मात्र धातूच्या पोटात कायमचा जाऊन बसतो.

गोदावरीच्या उतारावर

कपिलधार ज्या बीड जिल्ह्यात आहे तो १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच संस्थानात, आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात, कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. बीडची उत्तर सीमा आखणारी गोदावरी पुढे वाहत निजामाबादच्या सीमेवर जाते. परंतु या प्रवासात नदीखालचा दगड बदलतो. काळा बेसॉल्ट संपतो आणि ग्रॅनाइट सुरू होतो. दगड बदलला की मातीही बदलते. ग्रॅनाइट कुजून होणारी फिकट माती बेसॉल्टच्या काळ्या मातीपेक्षा कितीतरी अधिक ताप सोसते.

कोनसमुद्रम येथे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत मुशीतले पोलाद होत होते. हेन्री व्हॉयसी या वैद्य-भूवैज्ञानिकाने ते पाहून लिहिलेला वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ मध्ये, बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात पोलादाच्या बरोबरीने मुशीचीही नोंद आहे. कुजलेल्या ग्रॅनाइटची माती घेत, तीत जुन्या भट्ट्यांचे आणि फुटलेल्या मुशींचे तुकडे कुटून घालत आणि भाताच्या तुसासह ती मळत. मुशीत लोखंडाचे तुकडे भरून वरून तोंड बंद करीत आणि भट्टी अहोरात्र फुंकीत. इराणी व्यापारी येथवर येत आणि माल स्वतः पारखून नेत. दमिश्की म्हणून जगभर नावाजलेल्या तलवारींची पाती ज्या पोलादातून निघत, ते दख्खनचे पोलाद असे तयार होई.

या पोलादाचे वैशिष्ट्य कशात होते, हे समजण्यास साध्या लोहाराच्या लोखंडाकडे पाहावे लागते. जुन्या भट्टीत लोखंड पूर्ण वितळत नसे. ते लगद्यासारखे मऊ होई, आणि लोहार ते ठोकून ठोकून त्यातली मळी बाहेर काढी. कितीही ठोकले तरी मळीचे तंतू आत राहत. मुशीत मात्र धातूचा खराखुरा रस होई. रस झाला की हलकी मळी वर तरंगे आणि खाली शुद्ध पोलादाचा गोळा थिजे. मळी तरंगली, कारण धातू वितळला. धातू वितळू शकला, कारण सुमारे १४०० अंशांच्या तापात मूस टिकली. म्हणजे शुद्धतेचा पहिला मान मातीचा आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थेल्मा लो यांनी या दख्खनी मुशींच्या ठिकऱ्यांचे सूक्ष्म परीक्षण केले. तुसाने नेमके काय साधले ते त्यातून उलगडले. भाताच्या तुसात सिलिका पुष्कळ असते. हवा न लागता ते जळाले की सिलिकेचा सांगाडा आणि कोळसा मागे उरतो. त्याच तापात मातीतून म्युलाइट नावाच्या खनिजाचे सुईसारखे स्फटिक वाढतात आणि एकमेकांत गुंततात. म्हणून ती मूस आतून काळी, आणि तापली की अधिकच बळकट. फुटक्या मुशी कुटून नव्या मातीत घालण्याची रीतही तशीच शहाणपणाची. एकदा भाजलेली माती दुसऱ्यांदा आकसत नाही, म्हणून नव्या मुशीला तडे कमी जातात.

मुशीचे पोलाद कोनसमुद्रमला झाले आणि बीडला झाले नाही, याचे एक कारण राजाश्रयात नसून मातीत आहे. बीडशेजारच्या अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात, १५४९ मध्ये मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ ओतली गेली, जी पुढे परांड्याहून विजापुरास गेली. तेव्हा या काळ्या पठारावर ओतकामाचे कौशल्य नव्हते असे म्हणता येत नाही. पण ती तोफ ब्राँझची. ब्राँझ हजार अंशांच्या आतबाहेर वितळते. तेवढ्या तापास साधी माती पुरते, पोलादास पुरत नाही.

धातू लंडनला गेला, मूस गावातच राहिली

१७९४ मध्ये मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. त्याचे नाव 'वुट्झ' असे पोहोचले. कन्नड-तेलुगूतील 'उक्कु' या शब्दाचे ते रूप मानले जाते. पुढल्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. नंतर जेम्स स्टोडार्ट आणि मायकेल फॅरडे यांनी १८२० च्या आगेमागे त्याचा अभ्यास केला. धातूत कार्बन किती, आणखी कोणते मूलद्रव्य दडले आहे, अशी चर्चा अनेक वर्षे चालली.

या साऱ्या चर्चेचा रोख धातूच्या गोळ्यावर होता. ज्या भांड्याने तो गोळा शक्य केला ते भांडे पेटीत घालून कोणी पाठवले नाही, कारण ते फुटके होते. कोनसमुद्रमसारख्या गावांबाहेर मुशींच्या ठिकऱ्यांचे ढीग तसेच पडून राहिले आणि कारागिरांची पिढी हळूहळू दुसऱ्या कामांकडे वळली. स्वस्त विलायती पोलादाने हा धंदा संपवला, हे खरेच. परंतु धंदा संपला तेव्हा त्यासोबत मातीचे ज्ञानही संपले, याची खंत कोणी व्यक्त केल्याचे आमच्या वाचनात नाही.

विलायतेतही गोष्ट निराळी नव्हती. डॉनकास्टरचा घड्याळजी बेंजामिन हंट्समन याला घड्याळाच्या कमानीसाठी निर्दोष पोलाद हवे होते. १७४० च्या दशकात, शेफील्डजवळ, त्याने मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. मोठी अडचण धातूची नव्हती, रस सोसणाऱ्या मातीची होती. पुढे शेफील्डच्या कारखान्यांत मुशीची माती कामगार अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवीत, कारण एखादा खडा जरी राहिला तरी तळपायाला तो जाणवतो. एवढ्या कष्टाने केलेली मूस दोन-तीन वेळा वापरली की फेकून द्यावी लागे. शेफील्डचे नाव सुरी-कात्रीवर कोरले गेले, माती तुडवणाऱ्यांचे कोठेच कोरले गेले नाही.

एका कारकुनाचे अस्तर

भांडे धातूला केवळ मलिन करते असे नाही. धातूतली कोणती अशुद्धी निघेल आणि कोणती निघणार नाही, हेही भांडेच ठरवते. याचे सर्वांत ठळक उदाहरण १८७९ चे आहे.

हेन्री बेसेमरने १८५६ मध्ये वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून थोड्याच वेळात पोलाद करण्याची रीत जाहीर केली. ती अनेकांनी विकत घेतली, आणि बहुतेकांचे पोलाद ठिसूळ निघाले. कारण होते फॉस्फरस. युरोपातील बहुतेक खनिजात तो होता आणि कितीही हवा फुंकली तरी जात नव्हता. तो काढण्यासाठी चुना घालावा लागतो. परंतु भट्टीला आतून सिलिकेचे अस्तर होते, आणि सिलिका रसायनदृष्ट्या आम्लधर्मी. चुना अल्कधर्मी. चुना घातला की तो फॉस्फरसऐवजी अस्तरालाच खाई.

ही गाठ सोडवली सिडनी गिलख्रिस्ट थॉमस या तरुणाने. तो लंडनमधील पोलीस न्यायालयात कारकून होता आणि संध्याकाळी रसायनशास्त्राची व्याख्याने ऐकत असे. चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट हा वेल्समधील ब्लेनाव्हनच्या लोखंड कारखान्यात रसायनज्ञ होता. दोघांनी तेथे प्रयोग केले आणि सिलिकेऐवजी डोलोमाइटसारख्या अल्कधर्मी दगडाचे अस्तर बसवले. १८७८ मध्ये थॉमसने लंडनच्या सभेत हे सांगितले तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. १८७९ च्या एप्रिलमध्ये मिडल्सब्रो येथे प्रयोग यशस्वी झाला आणि युरोपभरचे कारखानदार त्याच्या दाराशी आले. निघालेली फॉस्फरसयुक्त मळी शेतात खत म्हणून वापरली जाऊ लागली. थॉमस १८८५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, वारला.

धातू तोच, हवा तीच. बदलले ते फक्त अस्तर, आणि त्यामुळे निरुपयोगी ठरलेले खनिज मौल्यवान झाले.

जालन्याची सळई

आता पुन्हा मराठवाड्यात येऊ. कपिलधारेच्या उत्तरेला, बीड ओलांडून शंभरेक किलोमीटर गेले की जालना लागते. बियाण्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे शहर बांधकामाच्या सळईसाठीही तितकेच प्रसिद्ध आहे. भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत वितळवायचे, त्याच्या बिलेट ओतायच्या आणि त्या लाटून सळया काढायच्या, असा हा धंदा. मराठवाड्यातल्या असंख्य घरांच्या स्लॅबमध्ये अशा भट्ट्यांतून निघालेले पोलाद आहे.

इंडक्शन भट्टी म्हणजे विजेच्या वेटोळ्यात बसवलेली एक मोठी मूसच. तिचे अस्तर बहुधा गारगोटीचे असते. शुभ्र क्वार्ट्‌झाइटची पूड, तीत थोडे बोरिक आम्ल, याला कारखान्यात 'रॅमिंग मास' म्हणतात. लोखंडी पिंपाभोवती ही पूड कोरडीच ठासून भरतात आणि पहिल्याच तापात ती भाजून घट्ट होते. स्वस्त, सोयीची आणि लवकर बसणारी ही रीत आहे. अस्तर झिजले की फोडून काढायचे आणि नवे ठासायचे.

पण गारगोटी म्हणजे सिलिका, आणि सिलिका आम्लधर्मी. थॉमसने सोडवलेली गाठ येथे पुन्हा घट्ट बसते. भंगारातून आलेला फॉस्फरस आणि गंधक काढायचा तर चुना हवा, आणि चुना घातला तर अस्तर जाते. म्हणून अशा भट्टीत जे भंगार पडते त्याचे गुणदोष बव्हंशी तसेच सळईत उतरतात. फॉस्फरस पोलादाला थंड अवस्थेत ठिसूळ करतो, गंधक तापल्यावर तडकवतो. सळईच्या भारतीय मानकात, आयएस १७८६ मध्ये, एफई ५०० या प्रतीस गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०५५ टक्क्यांपर्यंत चालतात. अधिक लवचीक अशा एफई ५००डी प्रतीस ही मर्यादा ०.०४० टक्के आहे. हा फरक दशांशाच्या दुसऱ्या स्थानातला दिसतो, पण तो गाठायचा तर एक तर भंगार निवडून घ्यावे लागते, किंवा अस्तर बदलावे लागते, किंवा रस दुसऱ्या, अल्कधर्मी अस्तराच्या भांड्यात नेऊन शुद्ध करावा लागतो.

अस्तर रसात विरते तो दोष निराळाच. पोलादातील मँगनीज सिलिकेवर हल्ला करते. त्यातून कमी तापात वितळणारी मळी होते, अस्तर झिजते आणि तिचे सूक्ष्म कण धातूत अडकतात. स्पंज आयर्नमधला लोहाचा ऑक्साइड ही झीज आणखी वाढवतो. अस्तर ओले राहिले तर पाण्यातला हायड्रोजन रसात शिरतो आणि पोलाद थिजताना बारीक छिद्रे करून जातो. कपिलधारेच्या दगडातील छिद्रांशी या छिद्रांचे नाते आहे. दोन्हीकडे थिजणाऱ्या रसाने वायूला वाट नाकारलेली असते.

हा प्रश्न केवळ धातुशास्त्राचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. ती घरे मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंतींची होती. सळईचा दोष तेथे नव्हता, कारण सळईच नव्हती. त्यानंतर मराठवाड्याने मातीच्या भिंतीवरचा विश्वास काढून सळईवर ठेवला. भूकंपात सळईने वाकावे, ताणले जावे, परंतु तुटू नये अशी अपेक्षा असते, म्हणजे माणसाला घराबाहेर पडण्यास अवधी मिळतो. ज्या भट्टीच्या अस्तराचे नावही घरमालकाने ऐकलेले नसते, त्या अस्तरावर हा अवधी काही अंशी अवलंबून असतो.

बेसॉल्टच्या दोन कडा

मग चांगले अस्तर कोठून आणावे? महाराष्ट्राचा भूवैज्ञानिक नकाशा समोर ठेवला तर एक गोष्ट लक्षात येते. उच्चतापसह द्रव्यांची आपली खनिजे राज्याच्या दोन कडांवर आहेत, बेसॉल्ट जेथे संपतो तेथे. पूर्वेला चंद्रपूरच्या कोळसाक्षेत्रात अग्निसह माती आहे, भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइट आहेत. दक्षिणेला सिंधुदुर्गात कासार्ड्याच्या परिसरातील सिलिका वाळू आहे, कणकवलीच्या बाजूला क्रोमाइट आहे. मधला सारा काळा पट्टा या बाबतीत रिकामा. भंडाऱ्याचा कायनाइट तापवला की त्याचे म्युलाइट होते. कोनसमुद्रमच्या मुशीत ज्या सुया गुंतल्या होत्या, त्याच या.

आजच्या मोठ्या कारखान्यांत मात्र एवढ्याने भागत नाही. जगात तयार होणाऱ्या उच्चतापसह द्रव्यांपैकी सुमारे ७० टक्के लोखंड-पोलाद उद्योगच वापरतो, आणि प्रत्येक टप्प्याला निराळे द्रव्य लागते. रस नेणाऱ्या लेडलला मॅग्नेशिया-कार्बनच्या विटा, सलग ओतकामात रस साच्यात सोडणाऱ्या नळीला अॅल्युमिना-ग्रॅफाइट, जेथे झीज अधिक तेथे झिर्कोनिया, आणि इंडक्शन भट्टीसाठी सिलिकेऐवजी अॅल्युमिना-मॅग्नेशियाचे स्पिनेल. पुण्याजवळ मुंढव्यात घडणकाम करणाऱ्या भारत फोर्जसारख्या कारखान्यात क्रँकशाफ्ट घडवायचा, तर त्याच्या पोलादात केसाच्या जाडीपेक्षाही बारीक असा अस्तराचा कण चालत नाही. लक्षावधी फेऱ्यांनंतर भेग तेथूनच सुरू होते.

यांतील मॅग्नेशियासाठी आपण बऱ्याच अंशी चीनवर विसंबून आहोत. २०१७ मध्ये चीनने प्रदूषणाच्या कारणास्तव आपल्या खाणी व भट्ट्यांवर निर्बंध आणले, तेव्हा जगभर या विटांचे भाव भडकले. त्यानंतर वापरलेल्या विटा फोडून, निवडून, पुन्हा वापरण्याच्या प्रयत्नांना वेग आला. मातीत कार्बन मिसळणे, फुटके भांडे कुटून नव्यात घालणे, या दोन्ही गोष्टी कोनसमुद्रमचे कारागीर करीत होते. भाताच्या तुसाची राख आजही पोलादाच्या कारखान्यात वितळलेल्या रसावर पसरतात, म्हणजे त्याची उष्णता टिकते. सरळ वारसा सांगण्याइतका पुरावा येथे नाही, पण एकाच अडचणीला दोन काळांतील माणसांनी दिलेली उत्तरे इतकी जवळची असावीत, हे लक्षणीय आहे.

स्वच्छ कोणासाठी?

'स्वच्छ अस्तर' या शब्दांना दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही ध्यानात ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते. पहिला अर्थ धातूच्या बाजूचा: जे रसात कमीत कमी विरते ते स्वच्छ. दुसरा अर्थ माणसाच्या बाजूचा. गारगोटीची कोरडी पूड ठासताना आणि झिजलेले अस्तर फोडताना सिलिकेची जी धूळ उडते, ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. सिलिकोसिसवर आजही इलाज नाही. मॅग्नेशिया-क्रोमच्या विटा मळीला उत्तम तोंड देतात, परंतु वापरानंतर त्यांत विषारी षट्संयुजी क्रोमियम तयार होऊ शकते. भट्टीच्या अस्तरात कार्बन वाढवावा तर अत्यल्प कार्बनचे पोलाद बिघडते, कमी करावा तर वीट तडकते. प्रत्येक निवडीची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. आजवर ती बहुधा मुशीजवळ उभ्या असलेल्या माणसाने मोजली आहे. धातूत शिरलेला कण शोधण्यासाठी सूक्ष्मदर्शक आहेत, प्रयोगशाळा आहेत. छातीत शिरलेल्या कणाचा शोध बहुतेक वेळा उशिरा लागतो.

कपिलधारेहून दक्षिणेला, शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तेर हे गोरोबा कुंभारांचे गाव आहे. संतमेळ्यात गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाचे मस्तक ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा मराठी माणूस लहानपणापासून ऐकतो. तिचा आध्यात्मिक अर्थ आपल्याला ठाऊक आहे. परंतु तिच्या मुळाशी एक कारागिरीचे ज्ञान आहे, तिकडे सहसा लक्ष जात नाही. भाजलेले भांडे ठोकले की खणखणते, कच्चे किंवा तडकलेले बद्द वाजते. भट्टीत वीट बसवणारा गवंडी आजही हातोडीने ती ठोकून तिचा नाद ऐकतो.

आपल्या इतिहासाने पोलादाला कान दिला आहे, तलवारीचा नाद ऐकला आहे. भांड्याचा नाद ऐकणे अद्याप राहून गेले आहे. कोनसमुद्रमच्या ढिगाऱ्यातली काळी ठिकरी, शेफील्डचा मातीने माखलेला पाय, जालन्यात गारगोटी ठासणाऱ्याचा धुळीने पांढरा झालेला हात, या तिन्हींना जोडून पाहिले तरच पोलादाचा इतिहास पुरा होईल. आणि पुढल्या वेळी "अमुकाच्या मुशीतून घडलेला" असे लिहिताना आपण क्षणभर थांबलो, त्या मुशीत कोणती माती होती आणि ती कोणी मळली असे विचारले, तर तेवढ्याने ऋण फिटणार नाही, परंतु ते मान्य केल्यासारखे होईल.